आयसो की पासिंग? आधी फट बघा

एक खेळाडू वरच्या बाजूला चेंडू टपटपवत उभा आणि बाकीचे चौघं आपापल्या जागी खिळलेले, हे चित्र दिसलं की बघणाऱ्यांपैकी निम्मे 'स्वार्थी खेळ' असा शिक्का मारून मोकळे होतात. उलट पाच-सहा पास झाले की शॉट चुकला तरी वाहवा होते. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हा निवाडा फार लवकर केलेला असतो. संघ बसवायचा असो की सामना नीट वाचायचा असो, आधी दोन गोष्टी विचारायच्या: डिफेन्समध्ये फट कुणी पाडली, आणि पडलेली फट शॉटपर्यंत टिकली का?

फट म्हणजे काय, तर एक डिफेंडर आपल्या माणसाच्या मागे पडला आणि त्याची चूक झाकायला दुसऱ्याला आपला माणूस सोडावा लागला. त्या क्षणापासून चेंडूवाला सोडून उरलेल्या चार जणांवर तीनच डिफेंडर उरतात. आयसोलेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं आयसो, हे फट पाडायचं एक साधन: बाकीचे बाजूला होतात आणि चेंडूवाला आपल्या डिफेंडरशी एकटा भिडतो. पिक-अँड-रोल (सहकाऱ्यानं डिफेंडरची वाट अडवून मग रिंगकडे वळणं), पोस्ट-अप (रिंगकडे पाठ करून डिफेंडरला रेटत खेळणं), कट (चेंडूशिवाय रिंगकडे धावणं) ही इतर साधनं. पासचं मुख्य काम पुढचं आहे: पडलेली फट बुजू द्यायची नाही. फट नसताना थ्री-पॉइंट लाइनच्या बाहेरून चार पास फिरवले तर डिफेंडर चार पावलं सरकतात आणि घड्याळातले पाच-सहा सेकंद जातात, बस्स. एक अपवाद लक्षात ठेवायचा. चेंडू एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झटकन नेणारा पास स्वतःच फट पाडू शकतो, कारण मदतीसाठी पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, आत सरकलेल्यांना उलटं धावत बाहेर यावं लागतं. पण हा पास फिरवणाऱ्यानं चेंडू धरून ठेवला तर त्याचाही उपयोग संपतो.

घड्याळावरून सुरुवात करा

एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, १९५४-५५ पासून २४ सेकंदांचं शॉट क्लॉक आहे: तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो. त्यातले आठ सेकंद अर्धा कोर्ट ओलांडायला मिळतात, पण तेवढे वापरणारा संघ स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो. घड्याळात १९-२० उरलेले असताना चेंडू पुढच्या अर्ध्यात हवा. पहिली चाल १७ च्या आसपास सुरू झाली तर ती फसल्यावर घड्याळात १२ असताना दुसऱ्या चालीला जागा उरते. सात सेकंदांच्या खाली गेलं की नव्यानं काही रचायला वेळ नसतो. चेंडू ज्याच्या हातात असेल त्यानं एकट्यानं जे जमेल ते करायचं.

आयसोची बदनामी इथूनच सुरू होते. घड्याळात पाच उरलेले असताना नाइलाजानं झालेला आयसो आणि पंधरा असताना ठरवून, हव्या त्या डिफेंडरवर केलेला आयसो, हे दोन्ही एकाच रकान्यात मोजले जातात. पहिल्या प्रकारात आधीच्या चाली फसलेल्या असतात, म्हणजे दोष सांघिक खेळाचा आणि शिक्षा आयसोच्या सरासरीला. दुसरी गफलत आणखी मोठी आहे. बऱ्याच सार्वजनिक तक्त्यांत पझेशन (चेंडू मिळाल्यापासून तो समोरच्यांकडे जाईपर्यंतचा डाव) ज्याच्या हातून संपलं त्याच्या नावावर जातं. चेंडूवाल्यानं आपल्या माणसाला हरवलं, मदतीला दुसरा आला, त्यानं कोपऱ्यात पास दिला आणि तिथून थ्री (तीन गुणांचा शॉट) पडला, तर ते गुण 'स्पॉट-अप'च्या, म्हणजे जागेवर उभं राहून झेललेल्या पासवरच्या शॉटच्या, खात्यात जमा होतात. आयसोच्या खात्यात उरतात ते मदत न आलेले किंवा मदत आल्यावरही रेटून मारलेले शॉट. त्यामुळे आयसोचे तयार आकडे बघताना 'पाससकट' असा रकाना आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर त्या आकड्यावरून मत बनवायचं नाही.

आयसो उभा कसा करायचा

चेंडूवाल्याला एकटं सोडलं की आयसो झाला, असं नाही. उरलेले चौघं कुठे उभे आहेत यावर तो ठरतो. एनबीएचा कोर्ट ५० फूट रुंद, पेंट १६ फूट रुंद. थ्री-पॉइंट लाइन वरच्या बाजूला रिंगपासून २३ फूट ९ इंच आणि कोपऱ्यांत २२ फूट. या मापात सगळ्यात सरळ मांडणी अशी: चेंडूवाला एका बाजूच्या विंगवर (वरचा मध्य आणि कोपरा यांच्यामधली जागा), लाइनच्या दोन-तीन फूट बाहेर. त्याच्या बाजूचा कोपरा रिकामा. समोरच्या बाजूला एक शूटर कोपऱ्यात, एक विंगवर, एक वर मध्याच्या थोडा पलीकडे. पाचवा, सहसा सगळ्यात उंच खेळाडू, पलीकडच्या बेसलाइनवर (रिंगमागची रेषा) पेंटच्या कडेला. दोन शेजाऱ्यांमध्ये १५ ते १८ फूट अंतर हवं. दहा फुटांवर आले की एकच डिफेंडर दोघांना बघू शकतो आणि तुम्ही त्याला फुकटचा माणूस दिलेला असतो.

जवळचा कोपरा रिकामा ठेवायचं कारण असं, की मदत नेहमी कुठल्या तरी आक्रमकाला सोडून यावी लागते. जवळच्या कोपऱ्यात आपला माणूस उभा केला तर त्याचा डिफेंडरही तिथेच, ड्राइव्हच्या (चेंडू टपटपवत रिंगकडे घुसण्याच्या) वाटेपासून पाच-सहा फुटांवर येऊन बसतो. रिकामा ठेवला तर मदत पलीकडून, पेंट ओलांडून यावी लागते आणि उशिरा येते. मात्र चेंडूवाल्याच्या बाजूला फार चांगला शूटर असेल तर काही संघ त्याला मुद्दाम जवळच्याच कोपऱ्यात ठेवतात, म्हणजे त्याच्या डिफेंडरला सोडायची हिंमत होत नाही. शूटर खरोखर तेवढा घाबरवणारा हवा, नाहीतर ही हुशारी अंगाशी येते.

चेंडूवाल्यानं आपल्या समोरच्या डिफेंडरकडे बघत बसायचं नाही. त्याची नजर दोन ठिकाणी हवी. एक म्हणजे फ्री थ्रो लाइनचा मध्यबिंदू, ज्याला कोच मंडळी 'नेल' म्हणतात. तिथे कुणी उभा असेल तर मधून ड्राइव्ह बंद, बेसलाइन उघडी. दुसरी म्हणजे पलीकडच्या बाजूचा सगळ्यात खालचा डिफेंडर, 'लो मॅन'. रिंगपाशी मदतीला येणार तो हाच. त्याचा पाय पेंटमध्ये आला की पलीकडचा कोपरा किंवा बेसलाइनवरचा उंच खेळाडू, दोघांपैकी एक मोकळा झालेला असतो. कोण, ते दुसरा मदतनीस कुणाकडे वळतो त्यावर ठरतं.

ड्रिबलची मर्यादा घालून ठेवावी: हालचाल सुरू केल्यापासून तीन, फार तर चार ड्रिबल, आणि चार-पाच सेकंदांत निर्णय. दहा-बारा ड्रिबल करत जागच्या जागी हूल देत राहिलं की समोरचा हरत तर नाहीच, उलट बाकीच्या चार डिफेंडरना मदतीच्या जागा घ्यायला आरामात वेळ मिळतो. आयसो फसतो त्यातले बरेचसे इथे फसतात, शॉट घेताना नव्हे. दुसरी नेहमीची चूक उरलेल्या चौघांची. ते उभे राहून बघत बसले की त्यांचे डिफेंडरही निवांत चेंडूकडे बघतात. ड्राइव्ह सुरू होताच पलीकडच्या विंगवाल्यानं दोन पावलं वर किंवा कोपऱ्याकडे सरकायचं, म्हणजे पासची वाट उघडते आणि त्याच्या डिफेंडरला मान वळवावी लागते.

एक पझेशन, सेकंदासेकंदानं

घड्याळात १४. चेंडूवाला डाव्या विंगवर, डावा कोपरा रिकामा. त्याचा डिफेंडर डावा पाय पुढे टाकून उभा, म्हणजे त्याला चेंडू बेसलाइनकडे न्यायला लावायचाय. नेलवर एक जण हात पसरून आहे. चेंडूवाला उजवीकडे एक जोरदार ड्रिबल टाकतो, खांदा आत घालतो. डिफेंडरचं वजन तिकडे जातं. १३. क्रॉसओव्हर (चेंडू झटक्यात दुसऱ्या हातात), डाव्या बाजूनं पहिलं मोठं पाऊल, आता त्याचा खांदा डिफेंडरच्या कमरेच्या पुढे आहे. फट पडली. १२. दुसरं ड्रिबल पेंटच्या कडेला. लो मॅन रिंगसमोर येतो, दोन्ही पाय पेंटमध्ये.

आता घाई करायची आणि घाईत चुकायचं नाही. चेंडूवाला हवेत उडाला तर त्याला उतरायच्या आत चेंडू सोडावाच लागतो आणि समोरच्या हातांना ते ठाऊक असतं. दोन्ही पायांवर थांबला तर पास आणि शॉट दोन्ही वाटा उघड्या राहतात. तो थांबतो, एका हातानं बेसलाइनच्या कडेनं पलीकडच्या कोपऱ्यात पास टाकतो. चेंडूला ते पंचवीस-तीस फूट जायला अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त लागतं. शूटरला झेलून सोडायला पाऊण सेकंदाच्या आसपास. लो मॅनला पेंटमधून वळून, पंधरा-अठरा फूट धावून, फाउल होऊ नये म्हणून शेवटी आवरून घेत पोचायला साधारण तेवढाच वेळ. हे अंदाज आहेत, पण त्यातून कळतं ते पक्कं आहे: शूटरनं चेंडू छातीशी धरून अर्धा सेकंद विचार केला तर फट बुजली.

तो शूटर पाय आधीच लावून उभा असावा. कोपऱ्यात लाइन आणि साइडलाइन यांच्यामधली पट्टी तीन फुटांचीच आहे. एनबीएतल्या बुटांची लांबी बघता पास आल्यावर पावलं जुळवायला गेलं की टाच बाहेर पडते आणि चेंडू समोरच्यांचा. लो मॅन धावत आला, तर शूटरनं शॉटची हूल देऊन आत एक ड्रिबल टाकायचं किंवा विंगवर एक पास. तिथला डिफेंडर कोपऱ्याकडे सरकलेला असतो, म्हणून विंगवाला त्याच्याहून मोकळा. एनबीएतल्या सॅन अँटोनिओ स्पर्स संघाच्या शिबिरातून पसरलेला 'अर्ध्या सेकंदाचा नियम' हाच: चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात शॉट, पास किंवा ड्राइव्ह, यातलं एक ठरवायचं. चुकीचा निर्णय परवडतो, उशिराचा परवडत नाही.

२०१४ च्या अंतिम मालिकेत स्पर्सनी मायामी हीटला ४-१ असं हरवलं ते बघताना डोळ्यांना पास दिसतात. तिसऱ्या सामन्यात पहिल्या अर्ध्यात त्यांची शूटिंग ७५.८ टक्के होती, अंतिम मालिकेतला विक्रम. त्याच सामन्यापासून बोरिस डियाव सुरुवातीच्या पाचांत आला. उंच असून गार्डसारखा (चेंडू खेळवणाऱ्या चपळ, बुटक्या खेळाडूसारखा) पास देणारा हा खेळाडू आल्यानं मायामीच्या सापळ्यातून चेंडू बाहेर काढायला आणखी एक डोकं मिळालं. त्या हंगामात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांवर गेली नव्हती, पाय ताजे होते, हेही विसरू नये. पण प्रत्येक साखळीच्या मुळाशी बघा: टोनी पार्करचा ड्राइव्ह, मनू जिनोबिलीचा पिक-अँड-रोल, क्वाय लेनर्डचं एकट्यानं आत घुसणं. पहिली फट कुणीतरी पाडतोय, मग पास धावतायत.

सगळेच स्विच करतात तेव्हा

हा भाग नीट समजला तर आजचा एनबीए निम्मा समजला. स्क्रीनवर (सहकाऱ्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहण्यावर) आधारलेला सांघिक खेळ एका गोष्टीवर चालतो: स्क्रीनमुळे एक डिफेंडर अडकतो आणि काही क्षण दोन डिफेंडर एकाच माणसाच्या मागे असतात. बचाव करणाऱ्या संघानं सरळ माणसं बदलली, तुझा मी घेतो माझा तू घे, म्हणजेच स्विच केला, तर अडकणं संपलं. स्क्रीन कितीही लावा, कट कितीही मारा, प्रत्येकासमोर कुणीतरी उभाच. मग उरतं काय? बदलाबदलीत तयार झालेली विजोड जोडी. हळू पायांचा उंच खेळाडू चपळ गार्डसमोर, किंवा बुटका गार्ड पोस्टमध्ये उंच माणसाच्या पाठीशी. तिथे आयसो आलाच.

२०१८ ची पश्चिम विभागाची अंतिम मालिका याचा धडाच आहे. ह्यूस्टन रॉकेट्सनी त्या हंगामात लीगमधले सर्वाधिक ६५ सामने जिंकले होते आणि जवळपास सगळं स्विच करायचं हे त्यांचं धोरण होतं. गोल्डन स्टेट वॉरियर्स म्हणजे पासिंगचा आदर्श मानला जाणारा संघ. पण त्या स्विचपुढे त्यांनाही पुन्हा पुन्हा केव्हिन ड्युरंटला चेंडू देऊन बाजूला व्हावं लागलं. ह्यूस्टनची बाजू तर उघडच जेम्स हार्डनच्या आयसोवर उभी होती. सातव्या सामन्यात ह्यूस्टननं सलग २७ थ्री चुकवले, आणि 'आयसोनं घात केला' असं अनेकांनी लिहून टाकलं. त्यातले कितीतरी शॉट मोकळे होते. फट पडली होती, शॉट पडले नाहीत. शिवाय त्यांचा गार्ड क्रिस पॉल दुखापतीमुळे बाहेर. एका रात्रीच्या शूटिंगवरून पद्धतीचा निकाल लावू नये.

स्विचविरुद्ध आयसोला जायच्या आधी तीन गोष्टी करून बघायच्या. पहिली, स्लिप: स्क्रीन लावायला जाणाऱ्यानं अंगाला अंग लागायच्या आधीच रिंगकडे वळायचं. डिफेंडर 'स्विच' ओरडत असतानाचा तो अर्धा क्षण दोघंही चेंडूकडे बघत असतात. दुसरी, खोटी स्क्रीन: धावत यायचं, थांबायचं नाही, लाइनच्या बाहेर निघून जायचं. तिसरी, बदल झाल्यावर बुटक्या डिफेंडरला लगेच पाठीवर घेऊन रिंगसमोर जागा अडवायची. इथे चेंडू एका सेकंदात आत गेला नाही तर पलीकडचा उंच डिफेंडर येऊन आपल्या बुटक्याला बाहेर हाकलतो आणि संधी गेली. हे तिन्ही फसलं, की विजोड जोडीवर चेंडू मागे ओढून, बाकीच्यांना जागा घ्यायला दोन सेकंद देऊन आयसो. ते दोन सेकंद वाया जात नाहीत. मांडणी नसताना केलेला ड्राइव्ह सरळ गर्दीत जातो.

नियमांचा भाग

२००१-०२ च्या आधी एनबीएत झोन डिफेन्सला (माणूस न धरता जागा धरून बचाव करण्याला) बंदी होती. आक्रमक चौघांना एका बाजूला उभे करायचे, त्यांच्या डिफेंडरना तिकडेच राहावं लागायचं आणि स्टार खेळाडूला अर्धा कोर्ट मोकळा. ती बंदी उठली, आणि बदल्यात डिफेन्सचा तीन सेकंदांचा नियम आला: कुणालाही हाताच्या अंतरावर न धरता पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. दंड एक फ्री थ्रो, आणि चेंडू आक्रमकांकडेच. २००४-०५ पासून बाहेरच्या खेळाडूला हातानं रोखण्यावर कडक शिट्टी सुरू झाली, त्यानं गार्डचा ड्राइव्ह सोपा झाला. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांत डिफेन्सचे तीन सेकंद नाहीत, म्हणून तिथे उंच माणूस पेंटमध्ये तळ ठोकून बसू शकतो. एनबीएतली आयसोची मांडणी जशीच्या तशी तिकडे नेली की वाट बंद मिळते. तिथे आधी चेंडूची बाजू बदलून तळ हलवावा लागतो. फिबाचा कोर्टही थोडा लहान आहे, २८ बाय १५ मीटर, थ्री-पॉइंट लाइन ६.७५ मीटरवर.

आपला हिशेब आपण ठेवा

एका व्यावसायिक सामन्यात एका संघाची साधारण १०० पझेशन होतात. एकाच संघाची नोंद करा, दोन्ही बाजू एकदम लिहायला गेलात तर दुसऱ्या क्वार्टरमध्येच हात टेकाल. प्रत्येक पझेशनला एक ओळ, पाच खुणा: पहिली खरी चाल सुरू झाली तेव्हा घड्याळात किती होते, फट कशानं पडली (आयसोला 'आ', पिक-अँड-रोलला 'पि', पोस्टला 'पो', कटला 'क', पडलीच नाही तर शून्य), फट पडल्यानंतर किती पास, शेवटचा शॉट मोकळा, अर्धा मोकळा की झाकलेला, आणि गुण, फ्री थ्रोसकट. फटीच्या आधीचे पास मोजूच नका. तो आकडा पाहून मन भरून येतं, कळत काही नाही.

वादाची जागा एक आहे. स्क्रीन लावून स्विच करवून घेतला, मग चेंडू मागे ओढून एकट्यानं घुसला, तर 'आ' की 'पि'? 'आ' लिहा, कारण फट स्क्रीननं पडलेली नाही, तिनं फक्त समोरचा माणूस निवडून दिला. कसंही ठरवा, पण संपूर्ण नोंदीत एकच नियम पाळा.

मग प्रत्येक खुणेचे गुण भागिले पझेशन. तुलनेसाठी साधं गणित डोक्यात ठेवायचं: ५० टक्क्यांनी पडणारा दोनचा शॉट म्हणजे पझेशनमागे १ गुण. ३६ टक्क्यांनी पडणारा थ्री म्हणजे १.०८. ४५ टक्क्यांचा मधल्या पल्ल्याचा शॉट ०.९. ८० टक्के मारणाऱ्याचे दोन फ्री थ्रो १.६. या शेवटच्या आकड्यामुळेच फाउल ओढणारा आयसो खेळाडू समोरच्यांना दिसतो त्यापेक्षा महाग पडतो. हार्डननं २०१८-१९ च्या हंगामात सामन्यामागे ३६.१ गुण काढले त्यात फ्री थ्रोचा वाटा मोठा होता. अलीकडच्या हंगामांत एनबीएचे संघ १०० पझेशनमागे ११५ च्या आसपास गुण काढतात, म्हणजे तुमच्या वहीतला ०.९५ चा आयसो हा तोट्याचा धंदा आहे. घड्याळ सातच्या खाली असताना मात्र तोच ०.९५ चालण्यासारखा, कारण पर्यायात त्याहून बरं काही उरलेलं नसतं. म्हणून वही दोन भागांत वाचायची: दहाच्या वर आणि सातच्या खाली.

टर्नओव्हरही (शॉटआधीच गमावलेला चेंडू) लिहा. हा पासिंगवाल्यांचा दुखरा भाग आहे. प्रत्येक पास म्हणजे चेंडू हवेत, आणि मधूनच हिसकावलेला चेंडू सरळ समोरच्यांच्या मोकळ्या ले-अपपर्यंत जातो. आयसोत पासच कमी, म्हणून अशा चोऱ्याही सहसा कमी. ही बाजू न मोजता केलेली तुलना लंगडी राहते.

आणि घाईनं निष्कर्ष काढू नका. वीस पझेशनच्या नमुन्यात एक जास्तीचा थ्री पडला तर सरासरी ०.१५ ने हलते, म्हणजे तोट्याचा खेळाडू एका शॉटनं फायद्यात दिसू लागतो. एकेका प्रकाराची शंभरएक पझेशन जमेपर्यंत गुणांपेक्षा 'मोकळा, अर्धा, झाकलेला' या रकान्याकडे जास्त बघा. तो लवकर स्थिरावतो.

सरावात काय करायचं

'शॉटच्या आधी सात पास' हा सराव बंद करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यातून खेळाडू पास मोजायला शिकतो, फट बघायला नाही. त्याऐवजी फट आधीच पडलेली ठेवून सुरुवात करा. चारांवर चार; विंगवरच्या चेंडूवाल्याचा डिफेंडर त्याच्या एक पाऊल मागे, हात कमरेला टेकवून. शिट्टी झाली की ड्राइव्ह, आणि आठ सेकंदांत शॉट. चेंडू हातात अर्ध्या सेकंदाहून जास्त थांबला की कोचनं 'बुजली' म्हणून थांबवायचं. प्रत्येक गटाला दहा फेऱ्या. गुण शॉट पडण्यावर नाही: मोकळा शॉट मिळाला तर दोन, अर्धा मोकळा तर एक, झाकलेला पडला तरी शून्य. पहिल्या दिवशी खेळाडू यावर कुरकुर करतात. करू द्यावी.

आयसोसाठी एकावर एक पुरत नाही, कारण सामन्यात तो कधीच एकावर एक नसतो. नेलवर एक आणि पलीकडे खाली एक असे दोन मदतनीस आणि त्यांचे दोन आक्रमक ठेवा. कोचनं मागून बोटांनी खूण करून एकाच मदतनीसाला पाठवायचं. चेंडूवाल्याला ते आधी कळता कामा नये. तीन ड्रिबल, पाच सेकंद. दोन्ही विंग आणि वर मध्य अशा तीन जागांवरून प्रत्येकी पाच फेऱ्या. ड्राइव्हच्या आधी चेंडूवाल्यानं लो मॅनच्या जर्सीचा नंबर मोठ्यानं म्हणायचा, एवढी एक अट घातली तरी दोन आठवड्यांत नजर जमिनीवरून उठते.

स्विचविरुद्ध तीनांवर तीन, प्रत्येक स्क्रीनवर सक्तीचा स्विच. पहिल्या पाच फेऱ्यांत स्लिपशिवाय गुण नाहीत. पुढच्या पाचांत सगळं मोकळं. स्लिप करणारा बहुतेक वेळा फार उशिरा वळतो, स्क्रीनच्या जागी पोचून थांबल्यावर. त्यानं शेवटचं पाऊल टाकायच्या आधीच वळायचंय.

क्वार्टरचा शेवट

इथे तत्त्वं बाजूला ठेवून घड्याळाची चाकरी करायची. क्वार्टरमध्ये ३५ च्या आसपास सेकंद असताना चेंडू आपल्याकडे आला, तर ३०-३२ वर चांगला शॉट घ्यायचा. समोरच्यांनी पूर्ण २४ वापरले तरी शेवटचे काही सेकंद पुन्हा आपल्याला मिळतात. त्यासाठी वाईट शॉट घ्यायचा नाही, पण पहिल्याच फटीला मारायचं.

चेंडू आपल्याकडे, सामन्याचे शेवटचे वीस सेकंद, बरोबरी: सगळे आयसोला जातात आणि त्यात गैर काही नाही, कारण पास चुकला तर शेवटचा शॉट समोरच्यांचा. चूक होते ती सुरुवातीच्या वेळेत. तीन सेकंद उरलेले असताना हालचाल सुरू केली की दुहेरी डिफेन्स आल्यावर पासला वेळच राहत नाही. बरोबरीत सात वर सुरू करा आणि चेंडू दोन-तीन असताना हातातून सुटू द्या. एका गुणानं मागे असाल तर नऊ-दहा वर सुरू करा. शॉट चुकला तर रिबाउंडवरून परत मारायला तीन-चार सेकंद हवेत, आणि चेंडू समोरच्यांनी घेतला तर फाउल करून घड्याळ थांबवायला तेवढेच. कोपऱ्यातल्या दोघांपैकी एकानं शॉट सुटताच पलीकडच्या बाजूनं रिंगकडे धावायचं, कारण विंगवरून मारलेला चुकलेला शॉट जास्त वेळा पलीकडे उडतो. दुसऱ्यानं मागे राहायचं.